दोरा, मडके आणि माती : जपानी परंपरेतून आलेली नवी कला आणि आपली भिंत

शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील विहारांत वर्षावासाच्या निमित्ताने जाणे झाले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. समोर तथागतांची मूर्ती असते, शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा असते, पंचरंगी धम्मध्वज असतो. परंतु तिन्ही बाजूंच्या भिंती कोऱ्या असतात. फार तर देणगीदारांच्या नावांची फरशी आणि एखाद्या कार्यक्रमाचा उरलेला फलक. ज्या धम्माने अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत जगाला भित्तिचित्र म्हणजे काय ते दाखविले, त्या धम्माच्या आजच्या अनुयायांनी आपल्या विहाराच्या भिंतीवर काय असावे याचा विचार अद्याप गंभीरपणे केलेला नाही. तो विचार करण्यास एक निमित्त जपानकडून मिळते आहे. प्रस्तुत लेखात त्या निमित्ताचे स्वागत करावयाचे आहे आणि त्याची परीक्षाही करावयाची आहे.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या कलाविश्वात जपानी परंपरेची ओढ वाढली आहे. अपूर्णतेत आणि जीर्णतेत सौंदर्य पाहणारी ‘वाबी-साबी’ ही कल्पना, फुटलेले भांडे लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड चढविण्याची ‘किंत्सुगी’ ही रीत, माणसामाणसांतील नात्याचे रूपक म्हणून ताणलेले धागे, अशा गोष्टी प्रदर्शनांतून, कार्यशाळांतून आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून दिसू लागल्या आहेत. या कलेचा दावा साधा आहे : तुटलेल्या माणसांना ती जोडते. दावा मोठा आहे, म्हणूनच तो आपल्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माचा गाभा माणसामाणसांतील न्याय्य संबंधांत पाहिला आहे. मानवी नाते हा विषय आपल्याला परका नाही. तो आपल्या धम्माचा पहिला विषय आहे.

या कलेची साधने पाहिली तर ती अत्यंत साधी आहेत : दोरा, मडके आणि माती. आणि नेमकी हीच साधने आपल्या स्मृतीत निराळ्या अर्थाने रुतून बसली आहेत. लाहोरच्या ज्या सभेसाठी लिहिलेले भाषण होऊ शकले नाही आणि १९३६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, त्यात बाबासाहेबांनी पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्यांवर लादलेल्या खुणांची नोंद केली आहे : मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा, पाऊल पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. पुणे ही त्या राज्याची राजधानी आणि शिरूर-दौंड हा तिचा शेजार. तेव्हा पुण्याच्या एखाद्या दालनात दोरा टांगलेला किंवा मडके मांडलेले दिसते, तेव्हा आपल्या नजरेला जे दिसते ते सर्वांना दिसत नाही. हा दृष्टिदोष नव्हे. ही अधिक दृष्टी आहे.

प्रथम दोऱ्याचा विचार करू. चिहारू शिओता ही १९७२ साली ओसाका येथे जन्मलेली आणि बर्लिनमध्ये स्थायिक झालेली कलावती धाग्यांच्या विराट रचनांसाठी जगभर ओळखली जाते. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जपानच्या दालनात तिने दोन जुन्या लाकडी होड्यांवर लाल धाग्यांचे घनदाट जाळे विणले आणि त्यांना पन्नास हजारांहून अधिक किल्ल्या लटकाविल्या. या किल्ल्या तिने लोकांकडून मागविल्या होत्या. प्रत्येक किल्ली म्हणजे कोणाचे तरी घर, कोणाचा तरी विश्वास. पूर्व आशियात अशी एक लोकसमजूत आहे की, ज्यांची गाठ पडावयाची असते ती माणसे अदृश्य लाल धाग्याने जोडलेली असतात. शिओताच्या लाल धाग्यामागे ही समजूत उभी आहे असे प्रेक्षकास वाटते. त्याखाली उभे राहिल्यावर माणूस लहान होतो, पण एकटा राहत नाही, हा त्या रचनेचा परिणाम.

या कलाकृतीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. एखाद्या सम्राटाचे किंवा देवतेचे चित्र न काढता सामान्य माणसाच्या खिशातील गंजकी किल्ली तिने कलेच्या केंद्रस्थानी आणली. तरीही बौद्ध वाचकाने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ‘सर्व माणसे एकमेकांशी जोडलेली आहेत’ एवढे म्हणणे म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद नव्हे. तथागतांनी कार्यकारणाची साखळी सांगितली ती दोन्ही बाजूंनी : कारण असेल तर कार्य होते, आणि कारण संपले तर कार्यही संपते. बंध कसा पडतो हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कसा सुटतो हेही महत्त्वाचे. जातिव्यवस्थेत आपण गावाशी जोडलेले नव्हतो काय? पुरेपूर जोडलेले होतो. सांगावा नेणे, सीमेची राखण, मेलेले जनावर ओढणे, लाकूड फोडणे या सगळ्यांनी महारवाडा गावाला पक्का बांधलेला होता. तुटलेपण हे आपले दुःख नव्हतेच. श्रेणीबद्ध विषमतेने विणलेले जाळे हे आपले दुःख होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी एक धागा कापला. मानवी नात्याची कला म्हणजे केवळ गाठी मारण्याची कला, असे मानले तर तो कापलेला धागा कोणत्या चित्रात दाखवावयाचा?

आपल्या विहारांतही दोरा आहे. परित्राणपाठाच्या वेळी पांढरे सूत सर्वांच्या हातांतून फिरविले जाते. काही कार्यकर्ते त्यास अंधश्रद्धेचा शिरकाव म्हणून विरोध करतात, आणि हे सूत मनगटाला बांधून घेतल्याने संकट टळते असे मानले जात असेल तर तो विरोध योग्यच आहे. परंतु ज्यांच्या मनगटाला काळा दोरा बांधला गेला, त्यांच्या वंशजांनी एकाच पांढऱ्या सुताला समान उंचीवर बसून हात लावावा, यात एक मोठे चित्र दडलेले आहे. ते अद्याप कोणी रंगविलेले नाही.

आता मडक्याकडे येऊ. किंत्सुगीची रीत थोडक्यात अशी : फुटलेल्या भांड्याचे तुकडे ‘उरुशी’ नावाच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेने जोडावयाचे, दमट हवेत ते अनेक दिवस घट्ट होऊ द्यावयाचे आणि सांध्यावर सोन्याची पूड लावावयाची. तडा लपवावयाचा नाही. उलट तो उजळावयाचा. सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) या चहागुरूने भपकेबाज चिनी पात्रांऐवजी ओबडधोबड, हाताने घडविलेल्या वाडग्याला चहाविधीत मान दिला. त्याच्यासाठी वाडगे घडविणारा चोजिरो हा कौले बनविणारा कारागीर होता. कौले घडविणाऱ्या हातांनी केलेली वस्तू सरदारांच्या ओठांना लागावी, यात एक सामाजिक उलथापालथ निश्चित होती. रिक्यूला अखेर हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमाने आत्महत्या करावी लागली. दारिद्र्याचे सौंदर्य ज्यांच्या समोर मांडले, ते सत्ताधीश होते हे येथे विसरता येत नाही.

ज्याच्याकडे शंभर अखंड वाडगे आहेत, त्याला एक फुटका वाडगा सुंदर वाटू शकतो. ज्याच्या हाती फुटक्या भांड्याशिवाय दुसरे काही येऊच दिले नाही, त्याला तो सुंदर कसा वाटावा? वाबी ही निवडलेली साधेपणाची दीक्षा आहे. आपल्या वाट्याला आला तो लादलेला अभाव होता. वरून पाहता दोन्ही सारखे दिसतात : मातीची जमीन, एक भांडे, एक घोंगडी. परंतु एकात मुक्ती आहे आणि दुसऱ्यात अपमान. हा भेद ज्या समीक्षेला कळत नाही ती कितीही सुसंस्कृत असली तरी आंधळी आहे. शरद पाटील यांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची आणि शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, ती याच भेदापायी. साहित्यात जे काम झाले ते दृश्यकलेच्या बाबतीत अजून पुष्कळ व्हावयाचे आहे.

तथापि किंत्सुगीतून घेण्यासारखे एक तत्त्व आहे. सांधलेले भांडे आपला इतिहास नाकारत नाही. आपल्या मध्यमवर्गात आज अशी पिढी आहे की, जिला आजोबांच्या हाताला पडलेले घट्टे पाहुण्यांसमोर सांगावेसे वाटत नाहीत. तडा लपवून अखंड दिसण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे, पण ती आरोग्याची नाही. तडा दाखवावा. मात्र त्यावर सोने कोणी लावावयाचे, हे भांडे फोडणाऱ्याने ठरवू नये.

तिसरे साधन माती. या विषयात महाराष्ट्राजवळ एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. बोधगयेजवळील सुजाता गावात निरंजना या शाळेच्या भिंतींवर २०१० पासून जपानी आणि भारतीय कलावंतांनी चित्रे काढण्याचा ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ हा उपक्रम सुरू झाला. युसुके असाई या चित्रकाराने तेथे रंगांच्या नळ्या न वापरता गावातीलच निरनिराळ्या मातीने वर्गखोलीच्या भिंती प्राणी, झाडे आणि माणसे यांनी भरून टाकल्या. २०१३ साली हा उपक्रम महाराष्ट्रात, आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गंजाड येथे आला. गंजाड हे वारली चित्रकलेला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांचे गाव. २०११ साली पद्मश्री मिळालेले हे चित्रकार २०१८ साली निवर्तले. जपानी कलावंतांनी गावात राहावे, तेथील लोकांबरोबर भिंत लिंपावी, मुलांच्या हाती माती द्यावी आणि गावच्याच वारली चित्रकारांच्या शेजारी उभे राहून चित्र काढावे, असे या उपक्रमाचे स्वरूप. तिकडे जपानमध्ये निईगाता प्रांतातील तोकामाची येथे १९८२ पासून असलेल्या मिथिला संग्रहालयात वारली चित्रकारांनी राहून काम केले आहे. देवाणघेवाण एका बाजूची नाही, ही या संबंधाची जमेची बाजू.

दालनात टांगलेल्या धाग्यापेक्षा मला ही भिंत अधिक मोलाची वाटते. येथे नाते हा चित्राचा विषय नसून चित्र काढण्याची पद्धत आहे. पाहुणा कलावंत जेवतो कोणाच्या घरी, पाणी पितो कोणाच्या हातचे, माती मागतो कोणाच्या शेतातली, हे सारे त्या चित्रात मिसळलेले असते.

पण हीच पद्धत आपल्या भागात आणली तर काय होईल, याची कल्पना करून पाहू. असाईंसारखा चित्रकार उद्या दौंडला उतरला आणि भीमेच्या काठाने हिंडत माती मागू लागला, तर त्याला रंगांची वाण पडणार नाही. नदीकाठची काळी, माळावरची मुरमाड तांबूस, घोडनदीच्या बाजूची चुनखडीची फिकट. मात्र आपल्या भाषेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे केवळ रंग नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावाची वस्ती. महारवाडा या दोहोंच्या कडेला, बहुधा वेशीबाहेर. वतनाची जी जमीन होती ती गावच्या चाकरीच्या बदल्यात होती, आणि ती वतने मोडण्यासाठी बाबासाहेबांना आयुष्यभर झगडावे लागले. १९५८ च्या कायद्याने ती खालसा झाली. म्हणून आमच्या तालुक्यात माती गोळा करणाऱ्या कलावंताने प्रत्येक ढेकळामागे विचारले पाहिजे की, ही माती कोणाची, आणि ती कसणारा कोण होता. हा प्रश्न विचारला तर त्याचे चित्र खरे होईल. न विचारता काढलेले चित्र सुंदर होईल, एवढेच.

असा प्रश्न जपानच्या मातीलाही विचारता येतो, आणि त्याचे उत्तर आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामा शहरातील ‘कोराकुएन’ या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर, पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून ते उभे राहिले. रविवारी तेथे गेलेले आपले कुटुंब वाहते पाणी, छोटा पूल आणि नेमकी ठेवलेली शिळा पाहून सुखावते. अशा बागांची कला मध्ययुगीन जपानमध्ये ज्यांच्या हाताने वाढली, त्यांत ‘कावारामोनो’ म्हणजे नदीपात्रातली माणसे अग्रभागी होती. मेलेली जनावरे उचलणे आणि कातडी कमावणे ही कामे करणारे, म्हणून अपवित्र मानलेले, नदीकाठच्या पडीक जागेत ढकललेले हे लोक होते. माती आणि दगड हलविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांतून थोर उद्यानकार निर्माण झाले. आशिकागा योशिमासा या शोगुनच्या पदरी असलेला झेनामी (मृत्यू १४८२) हा त्यांतला सर्वांत नामवंत. क्योतो येथील र्‍योआनजी या झेन मठातील पांढऱ्या वाळूची आणि पंधरा दगडांची बाग आज झेन सौंदर्याचा परमोच्च नमुना समजली जाते. तिच्यातील एका दगडाच्या मागील बाजूस दोन नावे कोरलेली आहेत. ती अशाच दोन कामकऱ्यांची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात.

जपानमधील अस्पृश्यता १८७१ च्या आज्ञेने कायद्याने संपली, समाजातून संपली नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या बुराकु समाजाने ‘सुइहेइशा’ म्हणजे समतावाद्यांची संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा बौद्ध मठाच्या कुटुंबात जन्मला होता. झेनचे नाव घेताना हेही सांगितले पाहिजे की, १९७९ साली सोतो झेन पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याने एका आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत असा भेदभाव जपानमध्ये नाहीच असे विधान केले आणि त्यावर मोठा संघर्ष होऊन पंथाला पुढे क्षमा मागावी लागली. मृतांना दिल्या जाणाऱ्या धर्मनामांतूनसुद्धा बुराकु लोकांची हीनता कोरली जात होती, हे त्या वेळी उघड झाले. म्हणजे शांत बाग, रिकामी भिंत आणि मौन यांच्या आडही विषमता नांदू शकते. बुद्धाचे नाव लागले म्हणून कला आपोआप धम्माची होत नाही.

ही माहिती देण्यात जपानला कमी लेखण्याचा हेतू नाही. ज्या ओकायामा प्रांताने पुण्याला बागेची प्रेरणा दिली, त्याच प्रांतात १९३५ साली जन्मलेल्या भदंत सुरेई ससाई यांनी नागपूरच्या बौद्ध समाजात आपले आयुष्य घातले. बागेपेक्षा हे नाते मोठे आहे, कारण ते आपल्या वस्तीत राहून घडले. जपानच्या कलेशी आपली खरी ओळख झेनामी आणि सुइहेइशा यांच्या वाटेने व्हावयास हवी. ते आपले दूरचे नातलग आहेत.

जपानी लोककलेचे तत्त्वज्ञ यानागी सोएत्सु (१८८९ ते १९६१) यांनी अनाम कारागिराचा गौरव केला. नाव न लावता, अहंकार न ठेवता घडविलेली रोजच्या वापराची वस्तूच खरी सुंदर, हे त्यांचे म्हणणे अनात्मवादाशी जुळणारे वाटते. येथे मात्र मी मतभेद नोंदवितो. ज्याला नाव आहे त्याने ते सोडणे हा त्याग आहे. ज्याला नाव लावूच दिले नाही, त्याचे अनाम राहणे हा त्याग नव्हे. ती चोरी आहे. र्‍योआनजीच्या त्या कामकऱ्यांनी दगडाच्या मागच्या बाजूला का होईना आपली नावे कोरली, ती अहंकारापोटी कोरली असे मला वाटत नाही. आम्ही येथे होतो, एवढेच त्यांना सांगावयाचे असावे.

शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमेकाठी कोरेगाव आहे आणि नदीच्या दुसऱ्या काठी पेरणे येथे विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या त्या शिळेवर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, ती नावे वाचण्यासाठीच गेले असे म्हणता येईल. क्योतोतील नावे दगडाच्या पाठीवर आहेत. आपली नावे दर्शनी बाजूस आहेत. तो स्तंभ कोणी व का उभारला याची चर्चा इतिहासकार करोत; गळ्यात मडके असलेल्यांच्या रक्ताची नावे दगडावर उमटली, ही गोष्ट कलेच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

तेव्हा आपल्या विहाराची कोरी भिंत कशी भरावी? अजिंठ्याची नक्कल छापून चिकटविणे सोपे आहे. अराई काम्पो या जपानी चित्रकाराने १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या तोक्योला ठेवल्या होत्या, त्या १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. प्रतिकृती नष्ट झाल्या, पण त्या करताना मिळालेला हात आणि डोळा जपानी चित्रकलेत राहिला. घेण्यासारखे ते आहे. शिरूर-दौंडच्या प्रत्येक विहारात एक भिंत अशी असावी की जी त्या वस्तीतील उपासक-उपासिका आणि शाळेतील मुले यांनी एखाद्या जाणत्या चित्रकाराबरोबर बसून, आपल्याच शिवारातील मातीने रंगवावी. तिच्यावर सुनीत थेरांची कथा असावी. फुलांचा केर काढणारा तो हीन मानलेला माणूस संघात आला तेव्हा त्याच्या हातातील झाडूचा अर्थ बदलला. तिच्यावर कापलेला काळा दोरा आणि सर्वांच्या हातांतील पांढरे सूत असावे. वतन सोडणारे, दौंडच्या रेल्वेत घाम गाळणारे, शेतात राबून मुलींना शिकविणारे आपले आजी-आजोबा असावेत. पावसाने ती माती ओघळली तर पुढील वर्षावासात ती पुन्हा लिंपावी. अनित्यता शिकविण्यास याहून चांगला पाठ नाही.

आणि भिंत पुरी झाली की तिच्या खालच्या कडेला, समोरच्या बाजूस, ती रंगविणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे.